पीजीची बदली होत नाही. मग घरी कसं यायचं?

पीजी करणाऱ्या, म्हणजे पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. तिची ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे, बाकी शब्द तिचेच.

«मॅडम, मी शिवाजी पेठेतली. विदर्भातल्या एका सरकारी कॉलेजात एमडी मेडिसिनला आहे, जेआर-वन (पहिल्या वर्षाची ज्युनिअर रेसिडेंट). जॉइन होऊन नऊ महिने झाले. वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाबांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मार्केट यार्डात गुळाच्या अडतीत ते दिवाणजी होते. मला चार दिवसांची रजा मिळाली. परत आले तर सिनियर म्हणाले, आता या चार दिवसांची भरपाई कर. तेव्हापासून साप्ताहिक सुट्टी नाही. सलग छत्तीस छत्तीस तास ड्यूटी, पेशंटसमोर शिव्या. घरी आई एकटी, भाऊ बारावीला. मला याच विषयात कोल्हापूरला बदली हवी आहे. माझ्या मावसभावाने अमेरिकेत दुसऱ्या वर्षाला प्रोग्राम बदलला, विषय तोच ठेवून. आपल्याकडे का नाही होणार? एकजण म्हणतोय, आठ लाखांत काम होतं, कोल्हापुरातली एक मुलगी तिकडे जायला तयार आहे, म्युच्युअल करून देतो. दोन लाख आधी द्यायचे. आई पाटल्या मोडायला निघाली आहे. बाबा फोनवर नुसते श्वास घेतात. कधी कधी पहाटे वाटतं, उजाडूच नये. काय करू?»

लेकी,

पत्र तीनदा वाचलं. बदलीचं बोलूच, पण आधी तुझी शेवटची ओळ.

ओपीडीत एखाद्या पेशंटने तुला सांगितलं असतं की पहाटे वाटतं उजाडूच नये, तर तू पेन खाली ठेवलं असतंस आणि पुढचा प्रश्न विचारला असतास. तोच मी तुला विचारते. उजाडू नये म्हणजे झोप मोडू नये एवढंच, की जीव द्यावा असं मनात येतं? उत्तर ‘हो’ असेल, किंवा ‘नक्की सांगता येत नाही’ असं असेल, तर हे वाचणं इथेच थांबव, रूममेटला उठव आणि १४४१६ लाव. ही टेली-मानसची सरकारी सेवा आहे. दिवसरात्र चालू असते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आपल्याच कॉलेजच्या सायकियाट्रीत जायला संकोच वाटत असेल, उद्या वॉर्डात चर्चा होईल अशी भीती असेल, तर गावातल्या बाहेरच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. पण या आठवड्यातच जा. नऊ महिने धड झोप नाही, त्यात वडिलांचं हे. अशा अवस्थेत माणसाचं डोकं जे निर्णय सुचवतं ते त्याचे स्वतःचे नसतात, हे तू पुस्तकात वाचलं आहेस आणि मी वॉर्डात पाहिलं आहे. पुढचं सगळं यानंतर.

आता बदली. सरळ सांगते, म्हणजे त्या आशेवर आणखी एक दिवसही जायला नको. होत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या २०२३ च्या नियमांत यावर एक छोटंसं कलम आहे: पीजी किंवा सुपरस्पेशालिटीच्या विद्यार्थ्याला कुठल्याही परिस्थितीत, कुठल्याही प्राधिकरणाने दुसऱ्या कॉलेजात बदली द्यायची नाही. त्याआधी मेडिकल कौन्सिलचे २००० सालचे नियम होते, त्यांतही हीच बंदी होती. म्हणजे हे काही कालपरवा आलेलं नाही. डीनना तो अधिकार नाही, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला नाही, मंत्रालयातल्या कुणालाही नाही. वडिलांचं आजारपण, लग्न, नवऱ्याची नोकरी, यातलं कुठलंच कारण त्यात बसत नाही. लोकांचा घोटाळा होतो तो एमबीबीएसमुळे. तिथे पूर्वी काही अटींवर कॉलेज बदलता यायचं, त्यामुळे ‘अमक्याच्या मुलाची झाली होती की’ असं सांगणारे पेठेपेठेत भेटतील. त्या मुलाचं झालंही असेल. तो एमबीबीएसला होता.

नियम इतका कडक का, हे समजून घे, म्हणजे राग थोडा कमी होईल. तुझी जागा तुला नीट-पीजीच्या रँकवर मिळाली. सरकारी कॉलेजातल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून दिल्लीची समिती भरते, निम्म्या राज्याचा सीईटी सेल भरतो, आणि दोन्हीकडे पसंतीक्रम भरून रांगेत उभं राहावं लागतं. कोल्हापूरची मेडिसिनची जागा ज्याला मिळाली, तो त्या रांगेत तुझ्या पुढे होता. उद्या मधल्या दाराने बदल्या सुरू झाल्या तर कोपऱ्यातल्या कॉलेजात जागा घ्यायची आणि सहा महिन्यांनी पैसे मोजून पुण्या-मुंबईला सरकायचं, हा धंदाच होईल. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो कोपऱ्यातच राहील. तुझ्या वडिलांची परिस्थिती बघता तो नियम तुझ्यासारखीच्याच बाजूचा आहे, आज तो तुला आडवा आला असला तरी.

त्या एजंटबद्दल मला मनापासून संताप आहे. ‘म्युच्युअल’ हा शब्द त्याने मुद्दाम निवडला आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या आपसी बदल्या होतात हे कोल्हापुरात घरोघरी माहीत आहे, एखादी मावशी, एखादा काका तसा बदलून आलेला असतो. म्हणून तुझ्या आईला ते खरं वाटलं. पण शिक्षक नोकरीत असतो, तू शिक्षण घेते आहेस. तुझी विद्यापीठातली नोंदणी त्या कॉलेजच्या नावावर, हजेरी तिथली, थिसिसचा गाईड तिथला. समजा त्याने शिक्क्याशिक्क्यांचा एक कागद आणून दिला आणि तू कोल्हापूरला येऊन राहिलीस, तर तिकडे तू गैरहजर आणि इकडे तू कुणीच नाहीस. परीक्षेचा फॉर्म कोण भरून घेणार? त्याने तुझे मूळ दाखले किंवा सही केलेला कोरा स्टॅम्पपेपर मागितला असेल, तर देऊ नकोस. आधीच दिला असेल, एखादी रक्कमही दिली असेल, तर त्याचे मेसेज पुसू नकोस, भावाला घेऊन पोलीस ठाण्यात जा. यात लाज वाटण्यासारखं तुमच्या घरचं काही नाही.

मावसभावाचं मात्र खरं आहे. अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे तिथलं पीजी, ही शिक्षणाबरोबर नोकरीही असते. हॉस्पिटल रेसिडेंटशी वर्षावर्षाचा करार करतं. एखाद्या प्रोग्राममध्ये दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाची जागा मध्येच रिकामी झाली, तर तिथला प्रोग्राम डायरेक्टर दुसरीकडच्या रेसिडेंटला घेऊ शकतो. इंटर्नल मेडिसिन तिथे तीन वर्षांचं, आणि जुन्या ठिकाणचं वर्ष साधारणपणे धरलं जातं. पण ते सोपं नसतं. जागा रिकामी असावी लागते, रेसिडेंटवर होणाऱ्या सरकारी खर्चाचा हिशेब बसावा लागतो, व्हिसा असेल तर त्याचे कागद नव्याने. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी की तिथल्या मान्यता देणाऱ्या संस्थेच्या नियमाने, बदलून येणाऱ्या रेसिडेंटला घेण्याआधी नव्या डायरेक्टरने जुन्या ठिकाणाहून त्याच्या कामाचं लेखी मूल्यमापन मागवायचं असतं. म्हणजे तुझ्या भावाला कधी ना कधी आपल्या साहेबांच्या खोलीत जाऊन सांगावंच लागलं असेल, ‘सर, मला जायचंय, माझ्याबद्दल चार ओळी लिहून द्या.’ तिथेही लपूनछपून होत नाही.

तुझ्या पत्रात मला जे दिसलं नाही ते हेच. सिनियर आहेत, एजंट आहे, मावसभाऊ आहे. तुझ्या एचओडींचा, म्हणजे विभागप्रमुखांचा, उल्लेख एकदाही नाही.

एक प्रसंग सांगते. मी एका सरकारी कॉलेजात मेडिसिनची विभागप्रमुख होते तेव्हाचा. चंदगडकडचा एक मुलगा पहिल्या वर्षाला होता. शांत, कामाला चोख. एका संध्याकाळी राउंड संपल्यावर तो माझ्या दाराशी उभा राहिला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. रजेचा अर्ज होता. एप्रनच्या खिशात राहून राहून, घामाने आणि सॅनिटायझरने तो कागद कापडासारखा मऊ झाला होता, घडीवर फाटायला आला होता. मी तारीख बघितली. तेवीस दिवसांपूर्वीची. आईला शेवटच्या टप्प्यातला कॅन्सर, बेळगावला दाखल. मी विचारलं, एवढे दिवस का नाही दिलास? म्हणाला, ‘मॅडम, सिनियर म्हणाले की तुमच्यापर्यंत नेलास तर तीन वर्षं लक्षात ठेवू.’ ड्यूटीचा तक्ता सिनियर रेसिडेंट करायचे आणि मी दर महिन्याला त्यावर सही करायचे, न वाचता. त्या मुलाच्या नावासमोर एकही सुट्टी नव्हती आणि खाली माझी सही होती.

त्याला मी त्याच रात्री पाठवलं. नवव्या दिवशी त्याची आई गेली. तो तिथे होता. पुढे तो तक्ता माझ्या समोर बसून होऊ लागला. पण त्या तेवीस दिवसांचं मला आजही वाईट वाटतं, आणि म्हणून तुला सांगते की तुझ्या एचओडींना हे सगळं माहीत आहे असं गृहीत धरू नकोस. कदाचित माहीत असेल आणि त्यांनी दुर्लक्ष केलं असेल, तशीही माणसं आहेत. पण आधी विचारून तर बघ.

मागायचं काय, ते नीट ठरवून जा. ‘सर, मला खूप त्रास होतोय’ असं म्हणालीस तर ते म्हणतील, पहिल्या वर्षी सगळ्यांनाच होतो. तुझं दुखणं दोन ठिकाणी आहे. एक, बाबा तिकडे आणि तू इकडे. दुसरं, या युनिटमध्ये तुला माणसासारखं वागवत नाहीत. बदली हे तुला दोन्हींवरचं एकच औषध वाटलं, म्हणून ते इतकं हवंसं झालं. ते औषध बाजारात नाही. दोन दुखण्यांवर दोन वेगळे उपाय आहेत आणि ते दोन्ही नियमात बसतात.

पहिलं घे. त्याच २०२३ च्या नियमांत पीजीला वर्षाला २० दिवसांची पगारी रजा आणि आठवड्याला एक सुट्टी दिली आहे. सुट्टीला ‘कामाची निकड नसेल तर’ अशी पुस्ती आहे, पण तीन महिने सलग निकड असं काही नसतं. तुझे ४ गेले, १६ उरले. आता हिशेब कर. महाराष्ट्र एक्सप्रेसने तुझ्या गावाहून कोल्हापूर म्हणजे जाऊन-येऊन दोन दिवस गाडीतच. चार दिवसांच्या रजेत तू बाबांजवळ दोन दिवस होतीस. म्हणून रजेचे तुकडे करू नकोस, १६ दिवस सलग माग. स्ट्रोकनंतर पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सगळ्यात जास्त सुधारणा होते हे तुला मी शिकवायला नको. तीन महिने होत आले. दिवाळीला जाऊ, म्हणून थांबू नकोस.

सोळा दिवस पुरले नाहीत तर जास्त रजाही घेता येते, फक्त तेवढे दिवस तुझा कोर्स पुढे वाढतो. पुढे वाढणं म्हणजे बुडणं नव्हे. बरोबरीच्या पोरांनंतर एक-दोन महिन्यांनी ट्रेनिंग पूर्ण झालं, तर पंधरा वर्षांनी कोण विचारतंय? परीक्षा कुठल्या सत्रात येईल आणि ८० टक्के हजेरीचं गणित कसं बसतं, एवढं आधी पीजी सेक्शनच्या क्लार्ककडून लिहून घे. ते क्लार्क बऱ्याचदा प्राध्यापकांपेक्षा नियम नीट जाणतात.

आणखी एक गोष्ट पुढच्या वर्षासाठी. तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तुला तीन महिने डीआरपी (डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी) करायची आहे, कॉलेजबाहेरच्या सरकारी रुग्णालयात. आत्तापासून विभागात लेखी विनंती करून ठेव की मला इचलकरंजी किंवा गडहिंग्लज मिळावं. मिळेलच असं नाही, तो हक्क नाही. पण वडिलांच्या आजाराचे कागद जोडून, वेळेवर मागणारी तू एकटीच असशील, असंही घडतं. आणि एमडी झाल्यावर बंधपत्रातल्या सक्तीच्या सरकारी सेवेच्या वर्षासाठी पसंतीक्रम भरताना कोल्हापूर वर टाकता येईलच.

दुसरं दुखणं. सलग छत्तीस तासांचं. १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत एका वेळी बारा तासांहून जास्त आणि आठवड्याला ४८ तासांहून जास्त काम सहसा देऊ नये असं म्हटलं आहे. वैद्यकीय आयोगानेच विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी नेमलेल्या कृतीगटाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची मर्यादा आणि एक सुट्टी सुचवली. हे आकडे आणि तुझा वॉर्ड यांत किती अंतर आहे ते मला कळतं. तू तो कागद फडकावून उद्यापासून घरी जायला लागशील असं मी म्हणत नाही. पण एचओडींसमोर बसशील तेव्हा तुझ्या वहीत गेल्या चार आठवड्यांच्या ड्यूटीच्या वेळा लिहिलेल्या असू देत. कधी आत गेलीस, कधी बाहेर आलीस, एवढंच. विशेषणं नकोत. बारीक अक्षरात लिहिलेल्या अशा वेळा वाचून मोठमोठी माणसं गप्प होतात.

युनिट बदलून माग. कॉलेज बदलता येत नाही, पण त्याच विभागातलं युनिट बदलायला बऱ्याच ठिकाणी एचओडींची सही पुरते. गाईड बदलायचा असेल तर विद्यापीठाची परवानगी लागते, तो घाट आत्ता घालू नकोस.

अर्ज असा लिही. मी मुद्दाम रूक्ष ठेवला आहे, असाच राहू दे:

«माझ्या वडिलांना अमुक तारखेला पक्षाघात झाला असून उजवी बाजू व वाचा गेली आहे. घरी आई व अल्पवयीन भाऊ आहेत. वडिलांचे डिस्चार्ज कार्ड सोबत जोडले आहे. मला अमुक तारखेपासून १६ दिवसांची सलग रजा मिळावी. तसेच अमुक महिन्यापासून मला साप्ताहिक सुट्टी मिळालेली नाही, ड्यूटीच्या वेळांचा तक्ता सोबत आहे. रजेवरून परत आल्यावर मला दुसऱ्या युनिटमध्ये काम करण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.»

दोन प्रती काढ. एक एचओडींच्या हातात दे, दुसरीवर ऑफिसात आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घे, आणि ती पोच एप्रनच्या खिशात नको, ट्रंकेत ठेव. एकटी जाऊ नकोस. मार्डच्या, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या, प्रतिनिधीला घेऊन जा, किंवा युनिटमधले एखादे लेक्चरर चांगले असतील तर त्यांना. प्रत्येक विभागात एक तरी असं माणूस असतं, थोडं बाजूला पडलेलं, पोरांचं ऐकून घेणारं.

सिनियर सूड उगवतील ही भीती खरी आहे, ती मी खोटी ठरवत नाही. पेशंटसमोर शिव्या देणं, सुट्टी हिसकावणं, ‘तीन वर्षं लक्षात ठेवू’ म्हणणं, याला पीजीतही रॅगिंगच म्हणतात. आयोगाचे २०२१ चे रॅगिंगविरोधी नियम पीजीलाही लागू आहेत आणि आपल्या राज्यात तर १९९९ पासून कायदाच आहे. एचओडींकडे जाऊन पंधरा दिवसांत काही हललं नाही, किंवा उलट त्रास वाढला, तर डीनकडे आणि कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीकडे लेखी जा. राष्ट्रीय हेल्पलाइन १८०० १८० ५५२२ आहे. मी हे आधी सांगितलं नाही, कारण आज तुझ्या अंगात एकाच लढाईपुरतं बळ आहे आणि ते मला आधी १६ दिवसांच्या रजेवर खर्च करायचं आहे. पण कुणी हात उगारला, जातीवरून बोललं किंवा नको तिथे स्पर्श केला असेल आणि तू पत्रात लिहिलं नसशील, तर पंधरा दिवस थांबायचं काहीएक कारण नाही. त्याच दिवशी जा.

उरला राजीनामा. तू विचारला नाहीस, पण मनात आला असणार. जागा सोडून पुन्हा नीट-पीजी देऊन कोल्हापूर मिळवायचं. हा एकच कायदेशीर रस्ता आहे, म्हणून सांगते, आणि तो फार महाग आहे. झालेले नऊ महिने धरले जात नाहीत, पहिल्यापासून सुरुवात. जागा सोडल्याचा दंड भरल्याशिवाय मूळ कागदपत्रं बऱ्याचदा मिळत नाहीत. असे दंड बंद करा असं आयोगाने २०२४ च्या जानेवारीत राज्यांना सांगितलं आहे, पण तुझ्या प्रवेशाच्या वर्षी काय लागू होतं ते तू सही केलेल्या बंधपत्रात आणि प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत वाच. आणि मग पुन्हा ते दोनशे प्रश्न, पुन्हा रँक, पुन्हा पसंतीक्रम. एवढं करून कोल्हापूरच मिळेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. माझं स्पष्ट मत आहे की आज, या झोपेत, या मनःस्थितीत राजीनामा लिहू नकोस. रजा घे, घरी जा, आठ रात्री नीट झोप, डॉक्टरला दाखव. त्यानंतरही ‘मला हे नकोच’ असं वाटलं आणि सायकियाट्रिस्टलाही वाटलं की इथे राहण्याने तुझ्या जिवाला धोका आहे, तर सोड. दंड भरता येतो. त्या वेळी मला कळव, मी तुझ्या आईशी बोलेन. जागेपेक्षा पोर मोठी, हे त्यांना पटवायला मला वेळ लागणार नाही, त्यांनी तर पाटल्याच काढून ठेवल्या आहेत.

घरचं थोडं. भाऊ बारावीला आहे म्हणून त्याला सगळ्यातून बाजूला ठेवलं असेल तर तसं करू नका. त्या सोळा दिवसांत त्याला शिकव: बाबांना कॉटवरून खुर्चीत कसं घ्यायचं, दुखऱ्या खांद्याला ओढ न देता कसं धरायचं, घोट घेताना मान किती पुढे हवी. आईची कंबर वाचेल आणि त्याचाही जीव थोडा हलका होईल. अभ्यासाच्या नावाखाली आतल्या खोलीत बसून बाबांचा आवाज न येणं ऐकत राहायचं, यापेक्षा ते बरं. बीपीचा आकडा रोज संध्याकाळी त्याने तुला पाठवायचा. फिजिओथेरपी सुरू असेलच, वाचेसाठी स्पीच थेरपी सुरू आहे का ते विचार. ती बऱ्याचदा राहून जाते, कारण घरच्यांना वाटतं की हातपाय आधी.

आणि बाबा फोनवर नुसते श्वास घेतात म्हणालीस ना. उजव्या बाजूबरोबर वाचा गेलेल्या माणसांना स्वतःचं वाक्य जुळवता येत नाही, पण तोंडात बसलेलं कधी कधी आपोआप येतं. आरती, अभंगाची ओळ, आठवड्याचे वार, पाढे. तू वॉर्डात हे बघितलं असशील, एकही शब्द न बोलणारा म्हातारा आरतीला मात्र सूर लावतो. तुझे बाबा आयुष्यभर गुळाच्या रव्यांचे हिशेब करत आले. ‘कसे आहात?’ असं विचारू नकोस, त्याचं उत्तर त्यांना देता येत नाही आणि मग ते गप्प होतात.

आज रात्री ड्यूटीच्या आधी दहा मिनिटं काढ. पहिल्यांदा आईला सांग की बदली होत नाही, पैसे द्यायचे नाहीत, पाटल्या परत कपाटात ठेव. मग फोन बाबांच्या कानाला लावायला सांग. तू ‘बे एकं बे’ म्हण आणि थांब. ‘बे दुणे’ म्हण आणि थांब. घाई करू नकोस, मिनिटभर लागेल.